प्रेस सातवरून येणारा शोध

१

माझं काम शोधून देण्याचं आहे. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये मी सिस्टिम्स खात्यात आहे. मोटारींचे पत्र्याचे भाग ठोकून काढणारी कंपनी, तेवीस प्रेस, तीन शिफ्ट. प्रत्येक प्रेसच्या खांबाला एक टॅब टांगलेला असतो आणि शिफ्ट संपताना ऑपरेटर त्यावर चार ओळी लिहून जातो. डाय बदलली, तेल गळतंय, पुढच्याने लक्ष ठेवावं. सहा वर्षांच्या अशा दीड लाख नोंदी MySQL नावाच्या डेटाबेसच्या एका टेबलात आहेत, आणि कोणी विचारलं की त्यातून हवी ती ओळ मी काढून देते.

शोधायचे मार्ग दोन. एक LIKE. तो पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत प्रत्येक ओळ वाचत जातो. हळू आहे, पण त्याच्या हातून काही सुटत नाही. दुसरा MATCH. त्यासाठी डेटाबेस आधीच शब्दांची सूची करून ठेवतो, जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी, आणि विचारलं की थेट त्या पानावर जातो. टॅबवरच्या शोधखिडकीत हाच मार्ग वापरलाय, कारण थांबायला कोणाला वेळ नसतो. फक्त त्याला एक यादी द्यावी लागते, सूचीत घ्यायचेच नाहीत अशा शब्दांची. आणि, पण, आहे, होते. त्यांना स्टॉपवर्ड म्हणतात. हे शब्द नोंदींतून पुसले जात नाहीत. शोधले तर सापडत नाहीत, एवढंच.

त्या यादीत नोव्हेंबरात मी एक शब्द वाढवला. कर्टन.

लाइट कर्टन म्हणजे प्रेसच्या तोंडाशी असलेली प्रकाशाच्या किरणांची आडवी जाळी. डोळ्यांना ती दिसत नाही. हात आत गेला, किरण तुटला, की प्रेस जागच्या जागी थांबायला हवा. ऑपरेटर प्रत्येक शिफ्टला ‘कर्टन ओके’ असं लिहितो, त्यामुळे तो शब्द शोधला की हजारोंनी नोंदी यायच्या. आमचे मधुसूदन सर, क्वालिटीचे प्रमुख, माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, “सुखदा, पुढच्या आठवड्यात ऑडिटवाले येतायत. ते स्वतः टॅबवर शोधून बघतात. हा कर्टनचा कचरा कशाला त्यांच्यासमोर? निम्म्या नोंदींत असलेला शब्द स्टॉपवर्डच असतो ना?”

असतो. तांत्रिकदृष्ट्या ते अगदी बरोबर होतं. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्या वाक्याचीच लाज वाटते. त्या हजारो नोंदींत दोन-चार ‘ओके’ नसलेल्याही असतात आणि सरांना नेमक्या त्याच नको आहेत, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं होतं. मी शब्द यादीत टाकला, सूची नव्याने बांधली आणि सव्वापाचची बस पकडून पिंपळे सौदागरला घरी गेले. ऑडिट छान झालं.

२

जानेवारीत प्रेस सातवर भिवाभाऊंचा उजवा हात आत गेला. प्रेस थांबला नाही. चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

भिवाभाऊ माण तालुक्यातले, सतरा वर्षं प्रेसवर. ते दवाखान्यातून एकच सांगत राहिले, कर्टन हात पकडत नाही हे मी टॅबवर लिहिलं होतं, तीन वेळा. चौकशी समितीने मला विचारलं. मी टॅबवर असते तीच शोधखिडकी उघडली, शब्द टाकला आणि आलेलं उत्तर कागदावर उतरवलं. ‘कर्टन या शब्दाने संपूर्ण नोंदवहीत शोध घेतला. नोंदी शून्य.’ खाली सही केली. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. रोजच्या ‘कर्टन ओके’ मग कुठे गेल्या, हे समितीत कोणी विचारलं नाही.

मग जागेवर येऊन मी LIKE चालवला. प्रेस सात, कर्टन, आणि ‘ओके’ नसलेल्या. अकरा सेकंद लागले. तीन नोंदी आल्या, दोन डिसेंबरातल्या, एक जानेवारीतली, अपघाताच्या चार दिवस आधीची. ‘हे तिसऱ्यांदा लिहितो आहे. कर्टन हात बघत नाही. वाचणाऱ्याने फोन करावा.’ पुढे मोबाइल नंबर.

मी खिडकी बंद केली. कॅन्टीनमध्ये जाऊन चहा घेतला. त्या दिवशी पोहे चांगले झाले होते, ते संपवलेसुद्धा, हे मला अजून आठवतं.

३

मार्चमध्ये टॅबवरचा शोध रेंगाळतो अशी कुरकुर सुरू झाली, म्हणून मी लॉग चालू केला. कुठल्या टॅबवरून, किती वाजता, काय शोधलं, किती नोंदी आल्या, हे सगळं त्यात एकाखाली एक उतरतं. शोधखिडकीत प्रत्येक अक्षरागणिक एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारणा, जाते, त्यामुळे माणूस कसा टाइप करतो हेही लॉगमध्ये दिसतं. कोण कुठे अडखळला, कोणी खोडलं, सगळं. इतरांचं वाचताना आधी मजा वाटायची.

तिसऱ्या दिवशी त्यात प्रेस सात दिसला. दुपारचे तीन दहा. ‘क’, नोंदी नऊ हजार. मग बराच वेळ काही नाही. ‘कर’, नोंदी चारशे बारा. ‘कर्ट’, नोंदी दोन. ‘कर्टन’, नोंदी शून्य.

पहिली शिफ्ट तीनला सुटते आणि तीन दहा ही नोंदी लिहायची वेळ, त्यात नवल नव्हतं. पण प्रेस सात अपघातापासून बंद होता. भोवती पिवळी पट्टी, वर टाळं. तिथे नोंद लिहायला कोणी नव्हतंच.

मी चडफडले ते आधी स्वतःच्या कामावर. जुनं सेशन उघडं राहिलं असेल. दुसऱ्या कुठल्या टॅबला चुकून सातचा नंबर दिला गेला असेल. दोन्ही तपासलं. दोन्ही ठीक होतं. दुसऱ्या दिवशी तीन दहाला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. यंत्राने पाठवलं असतं तर अक्षरांमधलं अंतर रोज सारखं असतं. इथे ते रोज बदलत होतं. एकदा ‘कर्टन’ लिहून झाल्यावर सगळं खोडलं गेलं आणि पहिल्यापासून पुन्हा लिहिलं गेलं, सावकाश, आपलंच काही चुकलं असेल अशा भावनेने. उत्तर तेच आलं. नोंदी शून्य.

४

मेंटेनन्सच्या धनेशला गाठलं. तो पंचविशीतला, हसरा, हातात कायम पाना. म्हटलं, सातचा टॅब कोण वापरतंय?

“कोणी नाही मॅडम. चार्जर मीच काढून नेला, नऊला लावला. दोन महिने झाले, त्यात जीव नाही.”

“नक्की?”

“चला, दाखवतो.” चालता चालता तो सहज बोलत होता. “मी रोज सकाळी नोंदी शोधतो, माहितीये ना तुम्हाला? तेल, डाय, कर्टन, सगळे शब्द टाकतो. नोव्हेंबरपासून कर्टनची एक तक्रार नाही राव. ओकेवाल्या पण दिसत नव्हत्या, म्हटलं मॅडमनी गाळल्या असतील, कामाचंच राहू दिलं असेल. भिवाभाऊंनी खरंच लिहिलं असतं तर मी त्याच दिवशी सेन्सर बदलला असता. अर्ध्या तासाचं काम.”

तोवर मी समजत होते की मी फक्त एक कागद आडवळणाने लिहिला, जे व्हायचं ते होऊन गेल्यावर. हा मुलगा डिसेंबरभर रोज सकाळी तो शब्द शोधत होता आणि माझी यादी त्याला रोज सांगत होती की सगळं ठीक आहे. भिवाभाऊंची बोटं माझ्यामुळे गेली, हे मला प्रेस अकरा आणि बारा यांच्या मधल्या वाटेवर, एवढ्या धडधडाटात कळलं.

सातचा टॅब खांबाला लटकत होता. काच काळी. प्रेस शॉपमध्ये हवेतच तेल असतं, दोन महिन्यांत त्या काचेवर तेल आणि धूळ यांचा राखाडी थर बसला होता. त्या थरात ठसे होते. एकावर एक पडलेले, पुसट आणि ताजे, सगळे शोधखिडकी जिथे उघडते त्या जागी आणि खाली अक्षरं येतात त्या जागी.

“हातमोज्याने हा टॅब चालत नाही,” धनेश म्हणाला. “कातडी लागते. म्हणून मोजा काढून लिहितात.” मग तो थोडा वाकला आणि ठशांकडे निरखून बघू लागला.

काच पुसायला, टॅब धरायला माणूस कसाही हात लावो, अंगठा कुठेतरी टेकतोच. इथे चार-चार ठसे शेजारी शेजारी होते. अंगठ्याचा एकही नव्हता. मी मोजायला लागले होते, मग थांबले. घड्याळात तीनला पाच कमी होती. मी धनेशला म्हटलं, मला मीटिंग आहे. खरं म्हणजे मी काढता पाय घेतला.

५

मधुसूदन सरांना मी ठशांचं सांगितलं नाही. म्हटलं, सर, तो शब्द यादीतून काढावा म्हणते.

त्यांनी दार लावून घेतलं. सर वाईट वागणारे नाहीत. माझे वडील गेले तेव्हा ते वैकुंठ स्मशानभूमीपर्यंत आले होते. “सुखदा, तू काही डिलीट केलंयस का?”

“नाही.”

“काही बदललंयस?”

“नाही.”

“मग? नोंदी आहेत तिथेच आहेत. उद्या कोर्टाने सर्व्हर मागितला तर आपण देऊ. आपण काही लपवलेलं नाही.” त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. “भिवाच्या चौकशीचा शेवटचा जबाब राहिलाय. एचआरच्या मॅडम रजेवर आहेत. तू जाऊन येशील का कुरुळीला, त्याच्या खोलीवर? बाईमाणूस गेलेलं बरं. मजकूर तयार आहे, सही त्याला आता जमणार नाही, फक्त अंगठा घ्यायचा.”

मजकूर एका ओळीचा होता. अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, माझी त्यापूर्वी कोणतीही तक्रार नव्हती. त्यावर अंगठा उमटला की चौकशी बंद, आणि भिवाभाऊ कायमचे खोटे.

मी हो म्हटलं. जाऊन सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून हो म्हटलं. कंपनीच्या गाडीत बसेपर्यंत तरी तसंच ठरलेलं होतं.

६

कुरुळीत चाळीसारख्या दहा खोल्यांची रांग होती, त्यातली शेवटची त्यांची. एक खाट, गॅस, भिंतीवर कंपनीचंच कॅलेंडर. त्यांच्या बायकोने, शालनबाईंनी, मला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्याशी बसल्या. पावणेतीन झाले होते.

भिवाभाऊ खाटेवर होते. मी त्यांना कंपनीत लांबून बघायची तेव्हा ते रुंद वाटायचे. उजवा हात मांडीवर पालथा, बँडेज सुटलेलं, गुलाबी कातडी ताणून शिवलेली, आणि कडेला एकटा अंगठा.

“मॅडम, तुमी आला ते लई बरं झालं,” ते म्हणाले. “एक इचारायचं व्हतं. शोध तुमीच घेतला न्हवं?”

“हो.”

“म्या लिवलं व्हतं ओ. तीन येळा. ही म्हनती, औषिदाच्या गुंगीत तुमाला तसं वाटत आसंल.”

“म्या एकटीच म्हनत न्हाई,” शालनबाई म्हणाल्या. “समदी म्हनत्यात. रांगेतली, भाऊबंद. लिवलं आसतं तर घावलं नसतं का? कंपूटरमधनं कुटं जातंय?”

मी पर्समधून कागद काढला आणि पुन्हा आत ठेवला. तोंडात शब्द जुळवत होते. भाऊ, माझं चुकलं. मी एक शब्द. ते तिथेच अडकत होतं. शालनबाई चहा करायला उठल्या तेव्हा मला बरं वाटलं, तेवढाच वेळ मिळाला म्हणून. इतकी मी नादान.

चहा पिताना भिवाभाऊंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “आता बगा, सुरू हुईल.”

“काय?”

“बोटं. डाक्टर म्हनले, गेलेली बोटं दुकत्यात, आसं हुतंय. पर दुकत न्हाईत ओ. रोज तीनच्या पुडं गार पडत्यात. काचंवर ठिवल्यावानी. मग ती काय तरी करत्यात.” ते ओशाळं हसले. “मला वाटतंय, लिवत्यात.”

लॉग मोबाइलवर दिसावा अशी सोय मीच करून ठेवली होती. मी तो उघडला आणि फोन मांडीवर पालथा धरला, त्यांना दिसू नये म्हणून. घड्याळात तीन दहा झाले.

“हां,” भिवाभाऊ म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. फोन थरथरला. मी किंचित उचलून पाहिलं. प्रेस सात. ‘क’.

“आता दुसरं.” ‘कर’.

“आता जरा थांबत्यात. आटवत्यात जनू.” लॉगमध्ये काही नव्हतं. “हां. आता.” ‘कर्टन’. नोंदी शून्य.

त्यांच्या मांडीवरचा अंगठा आखडला आणि सैल पडला. “घावत न्हाई त्यास्नी,” ते हळूच म्हणाले. “काय हुडकत्यात कुनास ठावं. रोज हुडकत्यात आन रोज घावत न्हाई. मला लई वंगाळ वाटतं तवा.” त्यांनी डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुमी शिकलेल्या हायसा. तुमी नीट हुडकलं व्हतं ना? समद्या ठिकानी?”

गॅसवर दुधाचं भांडं होतं. शालनबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्याही माझ्याकडेच बघत होत्या. मला कोणी धमकावलेलं नव्हतं. कोणी माझी नोकरी घेणार नव्हतं, निदान त्या क्षणी तो विचारही मनात नव्हता. मनात एवढंच होतं की आता खरं सांगितलं तर ही दोघं माझ्याकडे कशी बघतील.

“हो,” मी म्हटलं. “नीट शोधलं.”

भिवाभाऊंनी मान हलवली. रागावले नाहीत. “मंग माजंच चुकलं आसंल,” ते म्हणाले. “आना कागद.”

मी शाईची डबी उघडली. त्यांनी डावा अंगठा पुढे केला. तो कुठे टेकवायचा ते मी बोटाने दाखवलं.

७

दुसऱ्या दिवशी तीन दहाला लॉगमध्ये प्रेस सात नव्हता. तीन पंधराला नव्हता. चारपर्यंत मी बघत बसले. त्यानंतर तो कधीच आला नाही. सरांनी जबाब फाइलला लावला आणि मला म्हणाले, थँक्स, मोठं काम केलंस.

मला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्या दुपारी तीन दहाला माझ्या खालच्या ओठावर काहीतरी गार टेकलं. एसीचा झोत असेल म्हणून मी खुर्ची सरकवली. गारवा सरकला नाही. ओठावर चार जागा होत्या, शेजारी शेजारी, आणि त्यांना मशीनच्या तेलाचा वास होता. मी रुमालाने तोंड पुसलं. रुमाल कोरा होता. शेजारी बसणारी अनुया म्हणाली, काय गं, दात दुखतोय का? मी हो म्हटलं.

रोज यायला लागलं. शुक्रवारी ओठ मिटून बसले तर ओठांच्या फटीशी ते वाट बघत राहिलं, घाई नाही, जबरदस्ती नाही. शनिवारी मला राहवलं नाही. स्टॉपवर्डची यादी उघडली, तो शब्द काढायची ओळ लिहिली. एंटर दाबायचा तेवढा राहिला. सर काचेपलीकडून हात करून गेले, आणि मी ओळ खोडली.

मग सोमवारी जिन्यात जाऊन भिवाभाऊंना फोन लावला. नंबर मला शोधावा लागला नाही. तो त्या तिसऱ्या नोंदीतच होता आणि माझा पाठ झाला होता. तीन वाजून गेले होते.

“मॅडम,” त्यांचा आवाज हलका होता, झोप झालेल्या माणसाचा. “बरा हाय म्या. बोटं ग्येली ओ. त्या दिसापास्नं गार न्हाई, काय न्हाई. चूक आपली हाय म्हनल्यावर मन बी शांत झालं. गावाकडं निगालोय परवा.”

“भिवाभाऊ, मला तुम्हाला एक—”

“थांबा, म्याच एक इचारतो. हसू नगा. तुमी निगाला त्या दिशी, ती तुमच्यासंगट ग्येली. मला जानवत व्हतं, दारातनं, रस्त्यापातूर, गाडीत बसस्तवर. मंग तुटलं. शालनला म्हनलं, मॅडमला तरास देत नसतील ना? गरीब बोटं हायेत ती, पर हुडकायचा नाद हाय त्यास्नी.”

मी तोंड उघडलं. बोलण्यासाठीच उघडलं. आणि ती आत आली. चारी, गार, दातांवरून, जिभेवरून, गालाच्या आतल्या बाजूने, अंधारात चाचपडत. हे लिहिताना मला स्वतःला वाचवायचं नाही, म्हणून सांगते, त्यांनी मला अडवलं नाही. जीभ दाबली नाही, घसा धरला नाही. मी बोलू शकत होते. त्यांना जे हवं होतं ते तिथेच होतं, जिभेच्या टोकाशी, आणि ती त्याच्यावरून जाऊन परत परत तपासत होती.

“मॅडम? देत न्हाईत ना तरास?”

“नाही भिवाभाऊ,” मी म्हटलं. “काही त्रास नाही.”